फुटक्या कपबशांचं मखर

उल्काच्या घरातून फुटलेलं काही बाहेर जात नसे. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या त्यांच्या जुन्या ब्लॉकमध्ये, ओट्याखाली जिथे इतर बायका तांदळाचा डबा ठेवतात, तिथे तिने बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीने मांडले होते. एकात निळे तुकडे, एकात हिरवे, एकात नुसते कपांचे कान. पांढऱ्याचे डबे सगळ्यात जास्त, कारण माणसांच्या हातून फुटतं ते बहुतेक पांढरंच. तिचे यजमान हेमचंद्र बँकेत अकाउंट्सला होते. ते पाहुण्यांना बजावत, "कप जपून धरा हं. निसटला तर ही आधी रंग बघते, मग भाजलं का विचारते."

लग्नाआधी उल्का साताऱ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सिंगापूरला आली आणि शाळा सुटली. मुलगी झाली, श्रिया. हात रिकामे कधीच नव्हते, पण हातांना आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मग त्यांच्या ब्लॉकचं अपग्रेडिंग निघालं. घरोघरच्या जुन्या न्हाण्या फोडायला माणसं आली आणि कॉरिडॉरमध्ये फुटक्या टाइल्सच्या गोणी साचल्या. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून जात होते, आणि उल्का गोणीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. एका गोणीत तिला गुलाबी फुलांच्या जुन्या टाइल्स सापडल्या. त्यांचे तुकडे करून तिने तुळशीची कुंडी मढवली, दाराशी ठेवली, संध्याकाळी तिथे दिवा लावला. शेजारच्या टॅन आंटी येऊन वाकून वाकून बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबड्याचं चित्र असलेला आपला तडकलेला बाऊल आणून दिला. "फॉर यू. आय नेव्हर थ्रो, ला." पुढे भोंगा वाजवत रद्दी गोळा करणारा करंगुनी म्हातारासुद्धा तिच्यासाठी फुटकी भांडी बाजूला काढायला लागला.

देवाधर्माचं अवडंबर उल्काला जमत नसे. सकाळी आंघोळ, देवघरातल्या बोटभर गणपतीला फूल, अथर्वशीर्ष, झालं. पण तुकडे लावताना तिच्या ओठांवर बाप्पाचं नाव असायचं. एकदा ती श्रियाला म्हणाली, "अगं, फुटलेल्याला कुणी जागा दिली ना, की ते मग फुटकं राहत नाही." श्रियाने कानातले इअरफोन न काढता "ओके, आई" म्हटलं.

आता सुलेखाबद्दल सांगायला हवं.

तिकडच्या मराठी घरांचा एक छोटा गट होता, सह्याद्री कट्टा. पुण्या-मुंबईची बँकेतली, कॉम्प्युटरमधली मंडळी. संक्रांतीला हळदीकुंकू, कोजागिरीला दूध आणि भाद्रपदात एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये गणपती. या कट्ट्याची सुलेखा अध्यक्ष होती. निवडणूक कुणी पाहिली नव्हती, पण सुलेखा उभी राहून बोलायला लागली की बाकीचे आपोआप बसत. महागड्या कॉन्डोत राहायची, हसायला मोकळी, आणि उल्काची मैत्रीण. खरी मैत्रीण, हेही सांगायला हवं. उल्काच्या स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसून ती तासन्‌तास बोलायची, आणि बोलता बोलता तिनेही तुकडे लावायला घेतले होते. पक्कड कशी धरायची, कड कशी घासायची, सांधे कसे भरायचे, सगळं उल्कानेच दाखवलं.

दोन हजार चार साली कट्ट्याच्या बैठकीत उल्काने पहिल्यांदाच तोंड उघडलं. ती म्हणाली, दरवर्षी आपण थर्माकोलचं मखर आणतो आणि मोडून टाकतो. त्यापेक्षा प्रत्येक घरातून फुटलेली एकेक कपबशी आणू या. त्या तुकड्यांचा बाप्पा मी मखराच्या मागच्या फळीवर करते. कायमचा होईल, आणि सगळ्यांच्या घरचा होईल. मग तिने गुंडाळी सोडली. जाड तपकिरी कागदावर तिने गणपती काढून आणला होता, पुऱ्या आकाराचा. सोंड त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे वळलेली, त्या हातात मोदक, उजवा हात आशीर्वादाचा, आणि पायाशी मान मागे वळवून बघणारा उंदीर.

सुलेखा क्षणभर बघत राहिली आणि मग तिने दोन्ही हात जोडले.

"अगं बाई! फुटक्या, उष्ट्या कपांचा देव? घरात फुटका आरसा ठेवत नाहीत, आणि तू बाप्पाला सरळ कचऱ्यात बसवतेस?"

सगळे हसले. प्रकाश नावाचा एक गृहस्थ म्हणाला, "वहिनी, प्रसादही कालचाच ठेवू या मग!" पुन्हा हसले. उल्काही हसली, कारण हसणाऱ्यांच्या मधोमध उभ्या बाईला दुसरं काही करता येत नाही. उठताना सुलेखाने तिच्या खांद्यावर हात टाकला. "रागावलीस का गं? चित्र मात्र सुरेख आहे हं. दे माझ्याकडे, बघते कुणाला पटवता आलं तर."

चित्र तिच्याकडे गेलं ते गेलंच. दोन-तीनदा उल्काने विचारलं. "कपाटावर आहे गं, शोधून देते," असं उत्तर आलं.

वर्षाने, गणपतीच्या आधी, कट्ट्याचं छापील पत्रक घरोघर आलं. पहिल्याच पानावर सुलेखाचा फोटो, मांडीवर फुटक्या बशांची टोपली. वर मोठ्या अक्षरांत, 'तुटलेल्यातून घडलेला बाप्पा'. खाली मुलाखत. सुलेखा म्हणत होती, एके दिवशी माझ्या हातून कप फुटला आणि मनात आलं, याला टाकायचं कशाला? प्रत्येक घरातून एक कपबशी आणू या. शेवटी, 'संकल्पना व निर्मिती : सुलेखा'. आणि कोपऱ्यात चित्राची छोटी प्रत. त्यातला उंदीर मान मागे वळवून बघत होता.

उल्काने ते पान वाचलं, घडी घातली, आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की हेमचंद्र आत डोकावून म्हणाले, "अगं, पोळ्या करायच्यात ना? का भिंत बांधायचीये?"

"कचऱ्यातला देव आता हिच्या स्वप्नात आला," ती म्हणाली. "माझाच गणपती, माझाच उंदीर."

"फोन कर. सरळ विचार."

"विचारणार नाही. विचारलं की ती हसेल, खांद्यावर हात टाकेल आणि मीच वेडी ठरेन. मला तिला चारचौघांत खाली बघताना बघायचंय. जसं मी बघितलं होतं."

हेमचंद्र स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

संधी आपल्या पायांनी चालत आली. पुंगोलला राहणारी कादंबरी, लहान बाळाची आई, उल्काला मोठ्या बहिणीसारखी मानणारी. तिने फोन केला. "उल्काताई, सुलेखाताईंच्या कॉन्डोत सगळ्या जणी शनिवारी मोझॅक लावतोय. तुम्ही नसलात तर काय मजा? त्यांनीच सांगितलंय बोलवायला."

उल्का गेली. कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये लांब टेबलं जोडून त्यावर तिचाच तपकिरी कागद पसरला होता. नक्कल नाही, तोच. कडेला तिच्या हातचा चहाचा डागसुद्धा होता. आठ-दहा बायका खळीच्या वाट्या घेऊन कागदावर तुकडे चिकटवत होत्या, रंगीत बाजू खाली, मळकी पाठ वर.

"ही नवी पद्धत बरं का," सुलेखा सगळ्यांना सांगत होती. "वर्कशॉप करून आले मी. तुकडे पालथे चिकटवायचे, मग त्यावर सिमेंट लावलेला बोर्ड दाबायचा, उलटवायचा, आणि वरचा कागद भिजवून सोलून काढायचा. तोपर्यंत कुणाला काही दिसत नाही! स्टेजवर सगळ्यांसमोर सोलणार आपण. वर्कशॉपमध्ये आम्ही कमळ केलं होतं, असं सुंदर निघालं ना!"

उल्का जागच्या जागी थबकली.

ही पद्धत तिला माहीत होती. तिने करूनही पाहिली होती. तीत चित्र उलटं निघतं, आरशात दिसावं तसं. म्हणून कागदावर ते आधीच उलटं काढून घ्यावं लागतं. कमळ दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे वर्कशॉपमध्ये सुलेखाच्या ते लक्षात येण्याचं कारण नव्हतं. आणि उल्काने हे चित्र काढलं होतं सुलट, वरून तुकडे लावायला. या कागदावरून जो बाप्पा निघेल त्याची सोंड उजवीकडे वळलेली असेल. मोदक उजव्या हातात. आणि आशीर्वाद डाव्या हाताने.

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक देव. त्याला सोवळं लागतं, रोजची पूजा लागते, एक दिवस चुकून चालत नाही. म्हणून कुणी सहसा घरी बसवत नाही. आणि डाव्या हाताने आशीर्वाद तर कुणी म्हातारासुद्धा देत नाही.

उल्काच्या छातीत काहीतरी गरम उतरलं. तिला स्वतःला वाटलं ही भीती असेल. पण ती भीती नव्हती.

"ये गं उल्का," सुलेखा म्हणाली. "हे बघ, मागचे ढग राहिलेत. पांढरे तुकडे लावायला बस. तुझ्याकडे पांढरं भरपूर असतं ना?" आणि इतर बायकांकडे बघून हसली.

"ढग कुणीही लावेल," उल्का शांतपणे म्हणाली. "सोंड कुणी लावतंय?"

"ती राहिलीये. वळणाला तुकडे नीट बसत नाहीत."

"मी लावते."

तिने पिशवीतून आपली पक्कड काढली. टॅन आंटींच्या बाऊलचे शेंदरी झाक असलेले तुकडे तिने आणले होते, तेही काढले. दुपारभर ती एकटी सोंडेवर वाकून होती. तुकड्याला तुकडा असा भिडवला की मध्ये नख जाऊ नये. त्या दिवशी ओठांवर नाव मात्र आलं नाही. आणलं असतं तर आलं असतं, पण तिने आणलं नाही.

निघताना सुलेखा पाण्याचा ग्लास घेऊन जवळ आली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "उल्का, सगळं ठीक आहे ना गं? तू मुरलेली. काही चुकत असेल तर आत्ताच सांग बाई."

त्या एका क्षणी सगळं उल्काच्या हातात होतं. तिने सुलेखाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे चित्राबद्दल एक शब्द असता, नुसतं 'तुझं चित्र' एवढं जरी असतं, तरी ती बोलली असती. नंतर कित्येकदा तिने मनाशी ताडून पाहिलं. बोलली असती. पण सुलेखा फक्त वाट बघत होती, काम करवून घेणारी बाई बघते तशी.

"जसं काढलंय तसंच लावतायत सगळ्या," उल्का म्हणाली. "मी वेगळं काय सांगणार?"

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

घरी आल्यावर ती गुणगुणत होती. हेमचंद्रांनी पेपर खाली केला. "कुणाचं लग्न ठरलं?"

तिने सांगितलं. आधी ते खो खो हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"अगं, पण तो गणपती आहे. सुलेखा नाही. तुझं भांडण तिच्याशी, त्यात त्याला कशाला वेठीला धरतेस?"

"तिने नाही धरला?"

"तिने अजाणता धरला. तू जाणून."

श्रिया खोलीतून ऐकत होती. "आई, जस्ट टेल हर, ला. धिस इज सो मीन."

"तू अभ्यास कर. आणि मराठीत बोल."

"मराठीत पण मीनच आहे."

त्यानंतरच्या दिवसांत उल्का रोज देवघरासमोर बसत होती. अथर्वशीर्ष सुरू करायची आणि मध्येच कुठेतरी ओळ हरवायची. लहानपणापासून पाठ असलेलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. बोटभर गणपतीकडे बघायचं ती टाळत होती. एकदा फूल वाहताना पुटपुटली, "तुमचं काय ते मी नंतर बघेन. आधी तिचं होऊ दे." आपण देवालाच दमात घेतोय हे तिला कळलं, तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत.

गणेश चतुर्थीला हॉल भरला होता. बायका नऊवारीत, मुलं झब्ब्यांत, बाहेर मसाल्याच्या दुधाचं पिंप. स्टेजवर शाडूची मूर्ती, तिच्या मागे मखराच्या चौकटीत तो बोर्ड, अजून तपकिरी कागदाने झाकलेला. खाली प्लास्टिक अंथरलेलं, बाजूला कोमट पाण्याची बादली आणि स्पंज. उल्का तिसऱ्या रांगेत बसली, हेमचंद्र आणि श्रियाच्या मध्ये.

सुलेखाने माइक घेतला. फुटलेला कप, मनात आलेला विचार, सगळं पुन्हा सांगितलं. मग पदर खोचून स्पंज फिरवला. कागद गडद झाला, सुरकुतला. ज्या कागदावर उल्काने साताऱ्याच्या शाळेची आठवण काढत रेघ न्‌ रेघ ओढली होती, तो लगद्यासारखा निघून प्लास्टिकवर पडायला लागला. एवढं एकच उल्काला टोचलं.

आधी उंदीर दिसला. टाळ्या वाजल्या. मग पाय, पितांबर. लोक पुढे सरकून बघायला लागले. मग वर उचललेला हात दिसला आणि टाळ्या जरा विस्कळीत झाल्या. सुलेखा खालून वर सोलत होती, तिला पुरतं दिसत नव्हतं. शेवटी तिने मधली मोठी पट्टी एका झटक्यात ओढली. शेंदरी सोंड दिव्यांच्या उजेडात झळकली. अप्रतिम होती ती सोंड. आणि ती उजवीकडे वळलेली होती.

पूजा सांगायला बसलेले रवींद्रकाका पाटावरून उठले. चोआ चू कांगला मुलाकडे राहणारे ते वयस्कर गृहस्थ, कधी आवाज न चढवणारे.

"सुलेखा, हा उजव्या सोंडेचा आहे."

"नाही हो काका, डाव्या..." ती मागे सरकली. तिने पाहिलं. मूर्ती पाहिली, मागचं चित्र पाहिलं, पुन्हा मूर्ती पाहिली. दोन बाप्पा एकमेकांच्या विरुद्ध तोंडं करून बसल्यासारखे दिसत होते.

"आणि आशीर्वाद डाव्या हाताने देतोय," काका म्हणाले. "हे कसं केलंत? पूजा कुणापुढे करायची मी?"

कुणीतरी खुसखुसलं. प्रकाशच असावा. "नवीन संकल्पना आहे काका!" यावर मागच्या रांगा सरळ हसल्या.

उल्काने सुलेखाच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहिलं. वर्षभर जपून ठेवलेली भूक होती ती. सुलेखाचा हात ओल्या स्पंजावर आवळला होता आणि पाणी तिच्या पैठणीवर गळत होतं. ती खाली बघत होती.

आणि मग तिने मान वर केली. रांगांमधून शोधत तिची नजर उल्कावर येऊन थांबली.

"चित्र माझं नाहीये!" ती माइकमध्ये ओरडली. "चित्र उल्काने काढलंय. तिनेच चुकीचं काढलं असणार!"

हेमचंद्रांचा हात उल्काच्या मनगटावर आला. तिने तो हळूच बाजूला केला आणि उभी राहिली.

"ऐकू आलं नाही मागे," ती म्हणाली. "पुन्हा सांग, सुलेखा. चित्र कुणाचं?"

सुलेखाने माइक खाली घेतला.

"माइक आहे ना हातात. सांग."

"...तुझं."

"आणि कल्पना? घरोघरच्या कपबशांची?"

आता हॉलमधल्या बऱ्याच जणांना वर्षापूर्वीची बैठक आठवली असावी. कुणी हसत नव्हतं. प्रकाश चपला शोधत असल्यासारखा खाली बघत होता.

"तुझी," सुलेखा म्हणाली. माइक तोंडापासून लांब होता, तरी ऐकू गेलं.

"हं," उल्का म्हणाली. "माझं चित्र सुलट होतं. पालथे तुकडे लावले की ते उलटतं. ती पद्धत मात्र माझी नव्हती." आणि ती खाली बसली.

रवींद्रकाकांनी कुणाचा तरी शेला मागून घेतला, त्या बाप्पावर घातला आणि पूजा सुरू केली. आरतीला उल्काने टाळ्या वाजवल्या, मोठ्याने म्हटलं.

प्रश्न नंतर आला. त्या बोर्डाचं करायचं काय? फोडायचा तर तो आता देव. पाण्यात सोडायचा तर सिमेंट, आणि इथे समुद्रात असं काही टाकून चालतं थोडंच. घरी न्यायला कुणी तयार होईना. सुलेखा तर तोंड फिरवून घरी निघून गेली होती.

"मी नेते," उल्का म्हणाली.

"अगं, झेपणार आहे का?" काका म्हणाले. "एक दिवस चुकायचा नाही. गावाला गेलीस तरी मागे कुणीतरी लागेल. हे सोपं नाही, मुली."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून बोर्ड व्हॅनमध्ये चढवला. कादंबरी सोबतीला आली होती, बोर्ड हलू नये म्हणून मागे धरून बसायला. निम्मा रस्ता ती नुसती बोर्डाकडे बघत होती. मग म्हणाली, "उल्काताई, सोंड तर तुम्हीच लावलीत त्या दिवशी. तुम्हाला दिसलं नाही का हो, उलटं निघेल ते?"

उल्काला खोटं बोलता आलं असतं. ती पोर तिच्यावर विश्वास ठेवायलाच बसली होती.

"दिसलं."

"लगेच?"

"लगेच."

कादंबरीने बोर्डावरचा शेला नीट केला. "आम्ही सगळ्या जणी होतो त्यात," ती म्हणाली. "माझ्या बाळाच्या बारशाचा कप होता त्यात. तुम्ही तोसुद्धा लावू दिलात." खाली उतरल्यावर तिने वाकून नमस्कार केला, फक्त बाप्पाला. त्यानंतर तिचे फोन यायचे थांबले. सुलेखाची मैत्री गेल्याचं उल्काला फार वाईट वाटलं नाही. हे वाटलं.

बाप्पा उल्काच्या घरी, हॉलच्या भिंतीशी बसला. जिथे टीव्ही होता तिथे. टीव्ही बेडरूममध्ये गेला आणि हेमचंद्र क्रिकेट बघायला पलंगावर आडवे पडू लागले. उल्काने सांधे स्वतः भरले, कडा स्वतः घासल्या, तुकडान्‌ तुकडा ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केला. आणि पहिल्या पूजेला बसली तेव्हा अथर्वशीर्ष सलग म्हणून झालं. तिने डोळे उघडून त्या उचललेल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"तुम्हाला वेठीला धरलं, त्याचा दंड भरते," ती म्हणाली. "रोज भरेन. पण तिला चारचौघांत विचारलं, त्याची माफी मागणार नाही. तेवढं तुम्ही समजून घ्या."

आणि तिने खरंच भरला. पहाटे आंघोळ, सोवळ्याची साडी, नैवेद्य, मग चहा. ताप असला तरी. आईच्या आजारपणात ती साताऱ्याला धावली तेव्हा हेमचंद्रांनी रजा काढून धोतर नेसून पूजा केली. बँकेतल्या चिनी साहेबाला त्यांनी काय कारण सांगितलं ते त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. संकष्टीला लोक दर्शनाला येऊ लागले. टॅन आंटी आपल्या बाऊलचे तुकडे बोटाने दाखवून पाहुण्यांना सांगायच्या, "सी? दॅट वन, माय रूस्टर." आणि कुणी विचारलं की हा असा उलटा कसा, तर उल्का न चुकता सांगायची, "चित्र मी काढलं. उलटवलं सुलेखाने." एवढं सांगितल्याशिवाय प्रसाद हातावर पडत नसे.

दोन वर्षं कट्ट्याने पुन्हा थर्माकोल आणलं. तिसऱ्या वर्षी, आषाढातल्या एका सकाळी, दाराची बेल वाजली. उल्का पूजेत होती. श्रियाने दार उघडलं आणि आत येऊन कुजबुजली, "आई, इट्स हर."

"सांग, पूजा चाललीये. बाहेर थांब म्हणावं. चपला काढ, पाय धू म्हणावं."

सुलेखा कॉरिडॉरमध्ये तुळशीच्या कुंडीजवळ उभी राहिली. पूजा त्या दिवशी सावकाश झाली. आरती झाली, नैवेद्य झाला, प्रदक्षिणा झाली. मग उल्काने तिला आत घेतलं. सुलेखा थोडी वाळली होती. तिने बाप्पापुढे डोकं टेकलं, आणि ते बराच वेळ वर उचललं नाही.

"सगळे म्हणतायत मखर पुन्हा करू या," ती खाली बघतच म्हणाली. "सुलट. तू चित्र काढून दे, म्हणून विचारायला आलेय. नाव तुझं राहील. छापीलच."

उल्काने तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. मग आत गेली, ओट्याखालचा एक डबा ओढून काढला आणि आणून तिच्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. आत काठोकाठ पांढरे तुकडे.

"चित्र काढीन," ती म्हणाली. "सोंड मी लावीन. तू शनिवारी ये आणि ढग लाव. आणि सगळ्यांना बोलाव. कादंबरीला तू फोन कर. मी केला तर ती यायची नाही."

सुलेखाने डब्यात बघितलं. तिला बैठकीतला खांद्यावरचा हात आठवला की हॉलमधला स्पंज, कोण जाणे. तिने एक तुकडा उचलला, अंगठ्याने त्याची कड चाचपली.

"ही घासायला लागेल," ती म्हणाली.

"मग घास," उल्का म्हणाली, आणि घासायचा दगड तिच्या पुढ्यात सरकवला.